वायू काढल्यानंतरचा कोळसा

बाबा,

तुमच्या त्या परतवाड्याच्या पोरानं मला कोळसा पाठवला. पोरगं कसलं आता, डोक्यावरचे केस गेलेत, पोट सुटलंय, झारखंडातल्या एका खाणीत कोळशाच्या थरातून वायू काढायच्या कामाचा तो प्रमुख आहे. पण माझ्या डोक्यात तो अजून तुमच्या अमरावतीच्या खोलीवर मांडी घालून वरणभात कालवणारा पोरगाच आहे, आणि खरं सांगायचं तर तो तसाच राहिला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तुमच्याच कॉलेजात शिकवते, तुमच्याच प्रयोगशाळेत. खडकांची ताकद तपासायची यंत्रं आता माझ्या ताब्यात आहेत, म्हणून त्याला माझ्याकडे यावं लागलं. फोनवर म्हणाला, त्याच्या कंपनीला बाहेरच्या कुणाचा तरी अहवाल हवाय आणि त्यानं माझं नाव सुचवलंय. उपकार केल्यासारखं म्हणाला असता तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते. तो साधंच म्हणाला. त्याचं ते साधं बोलणं मला पहिल्यापासून सोसत नाही.

तुम्हाला हे कधी कळलं होतं का, मला माहीत नाही. तुम्ही आठवडाभर अमरावतीत आणि आई न् मी अकोल्यात, जठारपेठेत. शनिवारी संध्याकाळी यायचात, रविवारी जेवून झोपायचात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं निघून जायचात. उठल्यावर ओसरीत तुमच्या चपला नसायच्या आणि मला वाटायचं, अमरावतीत अशी कोणती माणसं आहेत ज्यांना आमचे बाबा सहा-सहा दिवस मिळतात? बारावीनंतर मी भूगर्भशास्त्र घ्यायचं म्हटलं तेव्हा आई म्हणाली, "काय ठेवलं हाये वं त्या दगडायत?" मी काहीतरी पाठ केलेलं उत्तर दिलं. मला दगड नकोच होते. मला सोमवार ते शनिवार हवे होते.

मिळाले का? वर्गात तुम्ही मला हजेरीच्या नंबरानं हाक मारायचात. मुलगी म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून माझ्या पेपरातले मार्क तुम्ही दुसऱ्या सरांकडून तपासून घ्यायचात, आणि ते सर तुमच्या भीतीनं आणखी कमी द्यायचे. मी हॉस्टेलवर राहायचे. तुमच्या खोलीवर यायला मला बंदी नव्हती, पण कारण लागायचं. त्याला कारण लागत नसे. तो माझ्या मागच्या वर्गात, परतवाड्याच्या एका लेथवाल्याचा मुलगा, रोज घरून येणं परवडत नाही म्हणून शहरात कुणाच्या तरी माळ्यावर राहायचा. त्याला तुम्ही पहिल्याच महिन्यात बेटा म्हणायला लागलात. मी दाराशी प्रॅक्टिकलचे कागद घेऊन उभी असायचे आणि आतून कुकरच्या शिट्टीबरोबर तुमचं हसणं ऐकू यायचं. घरी तुम्ही फारसे हसत नव्हतात, बाबा. आईला विचारा, आता तीही तिकडेच आहे.

एक रविवार मला विसरता येत नाही. तुम्ही त्याला अकोल्याला घरी घेऊन आला आहात. आई कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळते आहे, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गरम गरम खातो आहे आणि आईला म्हणतो आहे की आमच्या अम्मीच्या हातचंही इतकं छान लागत नाही. आई विरघळली आहे. तुम्ही पिशवीतून कोळशाचं एक ढेकूळ काढता, पाण्यानं भरलेल्या स्टीलच्या पातेल्यात सोडता आणि ते आमच्या दोघांच्या मध्ये ठेवता. ढेकळातून बारीक बुडबुडे वर यायला लागतात. तुम्ही मला विचारता, हे काय आहे. मी आनंदून सांगते, वायू, कोळशात अडकलेला वायू सुटतो आहे. तुम्ही त्याच्याकडे पाहता. तो तोंडातला घास गिळतो आणि विचारतो, "सर, हा कोयसा किती दिवसापासून पिशवीत हाये?" तुम्ही म्हणता, पुष्कळ दिवस. मग तो म्हणतो, "मंग ही साधी हवा हाये. वायू तं कवाच गेला." तुम्ही त्याच्या पाठीवर असा हात मारता की त्याच्या हातातली वडी पडते, आणि मला म्हणता, "तुले कोनं सांगतलं वायू हाये म्हनून? पुस्तकानं?" आई हसते. मीही हसते. त्या पातेल्यात आईनं नंतर दूध तापवलं नाही, आणि मी ते पातेलं घासून घासून ठेवलं.

पुढे त्याला नोकरी लागली तेव्हा तुम्ही त्याला तुमची हातोडी दिलीत. मला एम.एस्सी. झाल्यावर मनगटी घड्याळ मिळालं होतं, चांगलं होतं, दुकानातून आणलेलं. हातोडीचा दांडा तुमच्या तळव्यानं गुळगुळीत झाला होता. आणि तुम्ही गेलात त्या दिवशी तो परतवाड्याहून जीप करून आला आणि अंगणात असा रडला की शेजारच्या बायका त्यालाच पाणी द्यायला धावल्या. कुणीतरी विचारलं, हा थोरला का? मी आत आईजवळ बसले होते. मला रडू येत नव्हतं, आणि जे येत होतं ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी दात आवळून बसले होते.

तर त्याच्या कोळशाचं सांगते. तुम्हाला आवडेल, आणि तुम्हाला सांगताना कंस करून समजावायची गरज नाही, तरी मी समजावणार आहे, कारण हे माझ्या तोंडून ऐकायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही. त्यांच्या खाणीत एक खोल थर आहे, वायूनं भरलेला. तसाच खोदायला गेलं तर आतला वायू कोळशाला सोबत घेऊन माणसांच्या अंगावर येतो. म्हणून आधी थरात लांबलांब छिद्रं पाडायची, नळ्या घालायच्या, तोंडं बंद करायची आणि पंपानं महिनेन् महिने ओढत राहायचं. आधी पाणी येतं, मग वायू. तुम्ही शिकवायचात की वायू काढला म्हणजे काम झालं असं समजू नका, उरतो तो दुसराच कोळसा असतो. वायू काही बाटलीत भरल्यासारखा पोकळीत नुसता बसलेला नसतो, तो कोळशाच्या आतल्या बारीक छिद्रांच्या भिंतींना चिकटलेला असतो आणि त्यानं कोळसा फुगलेला असतो. वायू गेला की कोळसा आकसतो आणि त्याच्या भेगा रुंदावतात, उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा. भेगा रुंदावल्या की उरलेला वायू आणखी सहज निघतो. पण वरून डोंगराचं ओझं आहे, ते त्याच भेगा दाबून बंद करायला बघतं. कोण जिंकतं हे थरागणिक वेगळं, असं म्हणून तुम्ही खडू ठेवायचात आणि तास संपायचा.

त्याचं म्हणणं असं होतं की त्याच्या थरात कोळसा जिंकला. वायू काढलेला भाग मोकळा झालाय, त्यातून वायू पटपट वाहतो, आणि वायूनं जो ठिसूळपणा आलेला होता तो जाऊन कोळसा टणक झालाय. म्हणजे आता तिथे माणसं उतरवायला हरकत नाही. कंपनीतल्या काही लोकांना हे पटत नव्हतं. त्यांना दोन्ही प्रकारच्या कोळशाची तपासणी बाहेरून करून हवी होती, आणि त्यावरच ठरणार होतं की तिथे काम सुरू करायचं की त्याची इतक्या वर्षांची मेहनत बाजूला ठेवायची. वायू न काढलेला कोळसा हवाबंद डब्यांतून आला. वायू काढलेल्यात जपण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो प्लास्टिकात गुंडाळून लाकडी खोक्यातून आला. मी खोकं उघडलं, थरातून छिद्र पाडून काढलेल्या कोळशाच्या गोल कांड्या टेबलावर ओळीनं मांडल्या, फोटो काढले, परीक्षांच्या गडबडीत काही दिवस त्या तशाच राहिल्या. मग एकेक घेऊन तपासत गेले. डबे मात्र त्या त्या वेळीच उघडले, उघडला की लगेच यंत्रावर. वजन आपटून कोळसा फोडायचा, चुरा चाळायचा, कांडीतून हवा दाबून पलीकडे किती निघते ते बघायचं, सगळं तुमच्याच पद्धतीनं.

निकाल त्याच्या अगदी उलट आले. वायू काढलेला कोळसा जास्त फुटत होता, आणि त्यातून हवाही कमी जात होती. भेगा उघडल्या नव्हत्या, मिटल्या होत्या. पहिल्या दिवशी मी आकडे पुन्हा तपासले. दुसऱ्या दिवशी विश्वास बसला. बाबा, मला आनंद झाला. लाज वाटावी इतका झाला. तुमचा बेटा, तुमच्या हातोडीचा धनी, इतकी वर्षं चुकीचं बोलत होता आणि ते माझ्या टेबलावर सिद्ध झालं होतं. घरी जाताना मी गाडी थांबवून गिला वडा घेतला, नवऱ्यानं विचारलं आज काय विशेष, तर म्हटलं, काही नाही, मन झालं. रात्रभर मनातल्या मनात अहवालातली वाक्यं जुळवत होते. त्यातलं प्रत्येक वाक्य सभ्य होतं आणि प्रत्येक वाक्यानं त्याला टोचलं असतं.

एकच गोष्ट मध्ये येत होती. फोडलेल्या कोळशातलं पाणी मोजायचा नेम आहे, तो मी पाळला होता, आणि वायू काढलेल्या कोळशात पाणी जास्त निघालं होतं. हे होऊच शकत नाही. पंप आधी पाणीच ओढतो, तो कोळसा कोरडा ठणठणीत असायला हवा. मी स्वतःची समजूत घातली की थरात कुठूनतरी पाणी झिरपलं असेल, खाणीत काय, कुठूनही येतं. ही समजूत मला दोन दिवस पुरली. तिसऱ्या दिवशी अहवाल लिहायला मी त्याच टेबलाशी बसले. वैशाखाचं ऊन, समोर खिडकीत कूलर, खसच्या ताट्यांतून गार वारा तोंडावर येतोय, बरं वाटतंय. आणि माझ्या हाताखालचा कागद सादळलेला लागला. पापड सादळतो तसा. मी तो उचलला, कूलरकडे पाहिलं, मग टेबलाच्या त्या जागेकडे पाहिलं जिथे त्या कांड्या उघड्या मांडून ठेवल्या होत्या.

डब्यातल्या कोळशाला तो वारा लागलाच नव्हता. उघड्यावरचा कोरडा कोळसा मात्र इतके दिवस कूलरची हवा पीत बसला होता. पहिल्या पावसानंतर काळ्या रानाच्या भेगा बुजतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. कोळसा ओला होऊन फुगला, भेगा मिटल्या, फुटायला सोपा झाला. मी त्याचा थर तपासलाच नव्हता, मी आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा तपासला होता. झारखंडात बसून हा अहवाल वाचणाऱ्या कुणाच्या डोक्यात कूलर आला असता? कुणाच्याच नाही. मी तो पाठवला असता तर त्याचं काम थांबलं असतं, आणि लोक म्हणाले असते, सरांच्या मुलीनं वेळेवर पकडलं. मी त्या सादळलेल्या कागदावर हात ठेवून बराच वेळ बसले. माणसांच्या जिवाचा विचार मी केला, पण तो नंतर केला, हे तुमच्यापासून लपवत नाही. खोट्या अहवालानं कुणी मरणार नव्हतं, उलट काम बंदच राहिलं असतं. म्हणून तर सोपं होतं. मला थांबवलं ते एवढ्याच विचारानं की असं जिंकले तर ते मला एकटीलाच माहीत राहील, आणि तुम्हाला.

मी त्याला फोन लावला. कारण सांगितलं नाही. म्हटलं, निकालांत मेळ बसत नाही, वायू काढलेल्या कोळशाचं नवं खोकं पाठव. त्यानं निकाल काय आले ते विचारलं, मी सांगितले. मग त्यानं अगदी सहज विचारलं, "ताई, कूलर चालू होता काय?"

तोच पुढे बोलत राहिला, मला सावरून घेतल्यासारखा. "मी बी केलं होतं ना हेच. पह्यल्याच उन्हायात सरांनं झापलं होतं मले. कोयसा उघडा असला का कूलर बंद. घामानं मेला तरी चालन, म्हने, पन कोयशाले हवा नाई दाखवाची. मंग आमी दोघं बनियनवर बसून काम करत जावो." आणि हसला. "तुमाले तं सांगतलंच असन."

मी म्हटलं, "हो, सांगितलं होतं ना. माझ्याच ध्यानातून गेलं."

नवं खोकं आलं. या वेळी मी कूलरची वायरच काढून ठेवली, मुलांना सांगितलं की बाहेर थांबा. पदरानं तोंड पुसत, खिडक्या लावून, एकेक कांडी उघडून लगेच यंत्रावर घेतली. तो बरोबर आहे, बाबा. वायू गेलेला कोळसा टणक आहे, हवा त्यातून सरसर जाते. दाब वाढवत नेला तेव्हा एक मजा दिसली. थोडाच वायू काढलेल्या कांडीत ओझं जिंकतं, भेगा मिटतात, आणि बराचसा वायू काढलेल्या कांडीत कोळसा इतका आकसलेला असतो की ओझ्यालाही पुरून उरतो. म्हणजे अर्ध्यावर पंप बंद करणाऱ्यांना वाटणार की उपाय फसला. तुम्ही खडू ठेवून द्यायचात तिथे पुढे हे होतं. एक गोष्ट मी माझी म्हणून घातली: हा कोळसा कोरडा आहे म्हणून कापताना त्याची धूळ फार उडेल, आधी त्यात पाणी भरा. त्याच्या ध्यानात ते आलं नव्हतं. मी वाट पाहत होते की तो वाद घालेल. त्यानं लगेच मान्य केलं आणि वरून म्हणाला, सर असते तर खूश झाले असते. त्याला कसं माहीत तुम्ही कशानं खूश झाला असतात? पण त्याला माहीत असतं, हेच तर माझं दुखणं आहे. अहवाल गेला. पुढच्या महिन्यात माणसं तिथे उतरतील.

तेव्हापासून मी शोधते आहे. सगळे रविवार शोधले, तुमचे सगळे तास शोधले, माझ्या प्रॅक्टिकलच्या वेळी तुम्ही पाठीमागे उभे राहून जे जे म्हणालात ते आठवून पाहिलं. कूलर कुठेच नाही. असणार कसा? उन्हाळ्याची सुट्टी लागली की तुम्ही मला गाडीत बसवून अकोल्याला आईकडे पाठवायचात, हॉस्टेलवर फार तापतं म्हणून, आणि स्वतः कामाचं सांगून मागे राहायचात. मला वाटायचं तुम्ही एकटेच असता. मला तुमची कीव यायची, मी आईला म्हणायचे, बाबांना डबा पाठवू का. आणि तुम्ही इथे बनियनवर बसून त्याला शिकवत होतात.

परवा तो पुन्हा म्हणाला, सरांच्या त्या कूलरवरून केवढे हसायचो आपण. आपण, म्हणाला. मी म्हटलं, हो ना, केवढे हसायचो. पुन्हा विषय निघाला तर मी पुन्हा हेच म्हणणार आहे, आणि हळूहळू एखादा तपशीलही घालीन, तुम्ही कोणत्या आवाजात रागावला होतात वगैरे. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही उलट टपालानं लिहिलं असतंत की तसं काही मी तुला कधी सांगितलं नव्हतं.